परतीचं पाणी

माणसाला वाढून वाढून जेरीला आणता येतं, हे मला नागोयात कळलं. मी पुण्याची. आमच्याकडे पाहुण्याने ‘नको’ म्हटलं की डाव परत भांड्यात जातो आणि दोन्ही पक्ष सुखी होतात. आमच्या ऑफिसातले सर सांगलीकडचे. त्यांच्या लेखी ‘नको’ हा नकार नव्हताच, ती बोलण्याची सुरुवात होती. “पहिलं नको वळणाचं,” ते सांगायचे, “दुसरं संकोचाचं. तिसरं आलं तर ते पोटाचं.” एवढं तत्त्वज्ञान सांगून झाल्यावर ते चौथ्यांदाही वाढायचे. पोटाचं नको ऐकूनही का वाढता, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, “पोटाला काय कळतंय, बाईसान?”

बाईसान म्हणजे मी. जपानी ऑफिसात प्रत्येकाच्या नावापुढे ‘सान’ लागतं. सरांनी ते माणसांपुरतं ठेवलं नव्हतं. कॉम्प्रेसरसान, पंपसान, जिन्यातली मांजरसान. माझं नाव त्यांना नीट ठाऊक होतं, पण ते घेण्याची त्यांना कधी गरज वाटली नाही. निवृत्त होऊन ते सांगलीला परतले, तरी अजून फोनवर मी बाईसानच आहे, आणि पहिला प्रश्न अजून “जेवलात काय?” हाच असतो.

नवऱ्याच्या मोटार कंपनीतल्या पोस्टिंगवर मी त्याच्या सामानासारखी जपानला आले. पहिली काही वर्षं भाषा शिकण्यात, मुलीला वाढवण्यात आणि घराजवळच्या कोम्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, अर्धवेळ गल्ला सांभाळण्यात गेली. मग या कंपनीत लागले. आमची कंपनी प्रचंड मोठे हीट पंप बनवते. हे कोणाला समजावून सांगायचं तर मी फ्रिजचं उदाहरण देते. फ्रिज आतल्या भाजीतली उष्णता काढतो आणि मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. आमचं यंत्र म्हणजे दुमजली घराएवढा फ्रिज, फक्त आम्हाला त्याच्या मागच्या जाळीशीच मतलब असतो. नदीतलं, नाहीतर सांडपाण्याच्या शुद्धीकरणातून बाहेर पडणारं पाणी घ्यायचं, त्यातली उष्णता उचलायची आणि तिच्यावर दुसरं पाणी तापवून नळांतून अख्ख्या वसाहतीत फिरवायचं. तेल जाळायला नको, धूर नको. यंत्र सर रचायचे आणि ते कधी, किती चालावं याचा प्रोग्रॅम मी लिहायचे.

सरांची उमेदीची वर्षं तासगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये गेली. “आयुष्य बेदाणे गार करण्यात गेलं. आता त्याच विद्येवर माणसं गरम करतोय,” हे वाक्य त्यांचं आवडतं. चांगलंच वाक्य आहे. पण कारखाना बघायला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते ऐकवलं जायचं, आणि भाषांतर दर वेळी मलाच करायला लागायचं. सरांचं जपानी उत्तम होतं, पण त्यांच्या मते स्वतःच्या तोंडून ते वाक्य बढाई वाटलं असतं.

आणि माणसं गरम करणारा हा माणूस स्वतः बारा महिने माकडटोपीत असायचा. मफलर, त्यावर कंपनीचं जाकीट, आणि टोपी. चाचणीच्या शेडमध्ये यंत्राशेजारी आम्ही घामाघूम व्हायचो तेव्हासुद्धा टोपी. टोपीखाली काय आहे यावर ऑफिसात पैजा लागल्या होत्या. बहुमत टकलाच्या बाजूने होतं.

घरी तर त्याहून कहर. सरांच्या फ्लॅटमध्ये भिंतीवर एसी होता, थंडीत गरम हवा देणारा. त्याचा रिमोट देव्हाऱ्याशेजारी, प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून ठेवलेला होता. काकू गेल्या त्याला बरीच वर्षं झाली होती. मी त्यांना पाहिलं नाही, त्यांचा फोटोच पाहिला. रिमोटवरचं प्लास्टिक पाहून वाटायचं की त्यांच्यानंतर कोणी त्याला हात लावला नसावा. जानेवारीत त्यांच्याकडे जेवायला जायचं म्हणजे कोट घालून पानावर बसायचं. थंडी वाजते म्हटलं की म्हणायचे, “गरम आमटी घ्या की! ऊब आतून आली पाहिजे.” म्हणजे थंडीची तक्रार केली तरी वाढपच.

या घरात आमच्या बुचोंचा, म्हणजे विभागप्रमुखांचा, जो बळी गेला तो प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला आहे. जपान्यांमध्ये पानात काही टाकणं हा यजमानाचा अपमान. बुचो वळणाचे, त्यांनी पुरणपोळी शेवटच्या तुकड्यापर्यंत संपवली. सरांकडे पान रिकामं दिसणं हा यजमानाचा अपमान. त्यांनी लगेच दुसरी वाढली. बुचोंनी ती संपवली. सरांनी तिसरी वाढली. दोघंही आपापल्या संस्काराला जागत होते आणि एकमेकांकडे बघून हसत होते. मी मधे पडून जपानीत सांगितलं की थोडं पानात ठेवलंत तर चालेल. बुचोंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना चोरीच करायला सांगतेय. मराठीत सरांना सांगितलं की पुरे करा, तर म्हणाले, “अहो, भूक आहे माणसाला, दिसत नाही काय?” दुसऱ्या दिवशी बुचो कामावर आले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते सरांसाठी आभाराचा खाऊ घेऊन, कारण तोही संस्कार.

सरांशी माझं खरं भांडण मात्र इलेक्ट्रिक बॉयलरवरून होतं. उत्तरेकडे कडाक्याच्या थंडीत पंप एकटा पुरा पडत नाही. अशा वेळी शेजारी विजेवरचा एक मोठा बॉयलर ठेवतात. यंत्र दमलं की तो हात देतो. जगभर असंच करतात. सरांना ते पटायचं नाही. “उष्णता तयार करायची नसते, उचलायची असते. वीज जाळून पाणी तापवायला इंजिनियर कशाला? ती केटली आहे.” सगळ्या यंत्रांमध्ये ‘सान’ न लागलेलं हे एकच. मी प्रोग्रॅममध्ये केटलीची पाळी लावायचे आणि सर जाऊन तिचा स्विच बंद करून यायचे. विचारलं की म्हणायचे, “चुकून हात लागला असंल.” कुलूपबंद पेटीतल्या स्विचला चुकून हात लागणारा दुसरा माणूस मला अजून भेटायचा आहे.

असं असताना आम्हाला उत्तरेतल्या एका बर्फाळ गावाचं काम मिळालं. गावाची एक सरकारी वसाहत होती, बरीचशी म्हाताऱ्या माणसांची. आजवर तिथे घरोघरी रॉकेलच्या शेगड्या होत्या. आता सांडपाण्याच्या केंद्राशेजारी आमचं यंत्र बसलं, नळ टाकले गेले आणि प्रत्येक खोलीत भिंतीला एक लोखंडी पॅनेल आलं. नळातून गरम पाणी येणार, पॅनेलमधून खोलीला ऊब देणार आणि निवून यंत्राकडे परत येणार. गावाची अट एकच होती. थंडी सुरू झाल्यावर यंत्राने सलग तीन दिवस न थांबता चालून दाखवायचं. जमलं तर पुढच्या वसाहतींचं काम आम्हाला. नाही जमलं तर बुचोंनी स्पष्टच सांगितलं होतं की आमची तुकडी कंपनी बंद करेल.

तुकडी बंद म्हणजे मी घरी. माझा करार वर्षावर्षाचा. या वयात, या देशात, परकी बाई म्हणून ही नोकरी मिळवायला माझ्या नाकी नऊ आले होते. परत कोम्बिनीच्या गल्ल्यावर उभं राहायची माझी तयारी नव्हती. त्यामुळे ते तीन दिवस माझ्यासाठी जिवाचे होते.

पहिल्याच दिवशी यंत्र बंद पडलं. सुरू केलं, तासाभराने पुन्हा बंद. कारण दिसत होतं. परतीचं पाणी गरमच येत होतं. ते निवून आलं तर यंत्राला काम उरतं. गरमच आलं तर त्याच्या पोटातला दाब चढतो आणि ते स्वतःच्या रक्षणासाठी थांबतं. मुलाने शाळेतून डबा न उघडता परत आणावा, तशी गत. पाणी जातं तसं येतं. का, ते कोणाला सांगता येईना. मग अर्थातच सगळ्यांच्या नजरा माझ्या प्रोग्रॅमकडे वळल्या. बुचोंनी मला एकेक ओळ मोठ्याने वाचून दाखवायला लावली. मी वाचत होते, ते मान हलवत होते आणि बाहेर बर्फ पडत होता.

आणि सर? सर गायब. सकाळी नाश्त्याला शेवटचे दिसले. फोन बंद. दुसऱ्या दिवशीही तेच. माझी बाजू घेऊन बोलू शकेल असा तिथे एकच माणूस होता आणि तो नेमका तेव्हा फिरायला गेला होता. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. मराठीत बोलले हे बरं झालं.

दुपारी केंद्रावरच्या एकाने सांगितलं की टोपीवाले सर वसाहतीत दिसले. मी तशीच बर्फ तुडवत गेले. तिसऱ्या मजल्यावर एका दारातून त्यांचा आवाज आला. “दोझो, दोझो! घ्या की!”

आत जेमतेम आठ-दहा चटया मावतील एवढी खोली. मधे कोतात्सु, म्हणजे खाली छोटा हीटर आणि वरून रजई सोडलेलं ठेंगणं टेबल. एका बाजूला पाय रजईत घालून एक ठेंगण्या आजी बसल्या होत्या, दुसऱ्या बाजूला टोपी-मफलरसकट सर. समोर चहा आणि तांदळाची बिस्किटं.

“सर, तिकडे बुचो माझी सालं काढतायत आणि तुम्ही इथे बिस्किटं खाताय?”

“बाईसान, ओरडू नका. त्या पॅनेलला हात लावून बघा.”

मी हात लावला. गारढोण. खालची चावी घट्ट बंद, म्हणजे पाणी पॅनेलला वळसा घालून बाहेरच्या बाहेर परत.

“सगळीकडं असंच आहे,” सर म्हणाले. “दोन दिवस दारोदार फिरतोय. कोण घेतच नाही! पाणी बिचारं आलं तसं परत चाललंय.”

मला आधी हायसं वाटलं, कारण माझा प्रोग्रॅम निर्दोष होता. मग डोकं फिरलं. “हे कळलं तर बुचोंना सांगायचं ना! फोन करायचा ना!”

“सांगून काय? ते पत्रक काढतील. पत्रक वाचून कोण जेवतंय काय? आग्रहच करायला लागतो. पण ही माणसं लई चिवट. मी चावी उघडतो, ते वाकून आभार मानतात आणि मी जिना उतरेपर्यंत परत बंद करतात. या आजींची तर ही तिसरी खेप.”

मी आजींना विचारलं की चावी का बंद ठेवता. त्या संकोचून हसल्या. “केक्को देसु,” म्हणाल्या, म्हणजे पुरे, नको. मग जरा थांबून म्हणाल्या, “मी एकटीच आहे हो. एकटीसाठी कशाला एवढी ऊब? सगळ्यांचं भाडं सारखंच आहे. मी जास्त घेतली तर दुसऱ्यांच्या वाट्याची घेतल्यासारखं होईल. लेकरंबाळं असलेल्या घरांत जाऊ दे.”

सर माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, “हे दुसरं नको. संकोचाचं.” आणि परत आजींकडे वळून, “दोझो, दोझो...”

तेव्हा माझा संयम सुटला. जपानमध्ये परक्याच्या घरी कोणी बोलत नाही तसं मी बोलले. म्हटलं, “आजी, तुम्ही ऊब घेतली नाहीत की पाणी गरमच परत येतं. ते गरम आलं की आमचं यंत्र बंद पडतं. ते असं बंद पडत राहिलं तर आमचं काम जाईल आणि माझी नोकरी जाईल. तुम्ही वाचवताय ती ऊब कोणाच्या घरी जात नाहीये हो, ती आमच्या गळ्याशी आलीय!” बोलता बोलता मला रडू फुटलं.

आजींनी हातातला चहा खाली ठेवला. “म्हणजे मी बंद ठेवल्याने तुम्हा लोकांना त्रास होत होता?”

“हो!”

“अगं बाई, मग हे आधी नाही का सांगायचं!”

त्या उठल्या, पॅनेलची चावी पूर्ण उघडली आणि आमच्यापुढे कमरेत वाकून माफी मागितली. मग सपाता घालून बाहेर गेल्या. शेजारचं दार वाजल्याचं ऐकू आलं, मग त्याच्या पलीकडचं. सरांनी दोन दिवस जीव तोडून वाढलं, कोणी घास घेतला नाही. आपल्यामुळे कुणाची तरी अडचण होतेय एवढं कळताच अख्खा मजला जिन्यात उभा राहिला. इथे माणसं स्वतःसाठी काही मागत नाहीत, पण दुसऱ्याला त्रास होतोय हे त्यांना क्षणभर सहन होत नाही. इतकी वर्षं राहून सरांना ते कळलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही रागाच्या भरातच कळलं.

आजी परत आल्या तेव्हा खोलीत ऊब धरू लागली होती. त्यांनी सरांकडे नीट पाहिलं. टोपी, मफलर, जाकीट, सगळं जागच्या जागी. “तुमच्या घरी किती ठेवता हो तुम्ही?” त्यांनी विचारलं.

सरांना बाकी काहीही येत असे, खोटं बोलता येत नसे. “मी लावत नाही,” ते म्हणाले.

“का?”

“एकटाच असतो.”

आजी तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या आणि मधेच थांबल्या. माझ्या डोक्यात एकच आलं, लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. “मग इथे तरी टोपी काढा,” आजी म्हणाल्या. “आता गरम आहे.”

“केक्को देसु,” सर म्हणाले.

संध्याकाळपर्यंत परतीचं पाणी गार यायला लागलं. मोजणी नव्याने सुरू झाली आणि यंत्र धावू लागलं. शेवटच्या दिवशी सकाळी हिमवादळ आलं. सांडपाण्यात वितळलेलं बर्फ मिसळून तेही गारठलं. वसाहत आता पोटभर जेवत होती आणि एकट्या पंपाला वाढणं झेपेना. माझ्या प्रोग्रॅमने केटली सुरू केली. आदल्या संध्याकाळी पेटीला मी स्वतःचं कुलूप लावलं होतं, त्यामुळे चुकून कोणाचा हात लागला नाही. सर बॉयलरकडे पाठ करून उभे होते. गावाचे अधिकारी पास म्हणून वाकले, बुचो वाकले, मी वाकले. सगळे गेल्यावर सर बॉयलरच्या दिशेने न बघता म्हणाले, “केटलीसाननं चहा बरा केला.” त्यांच्याकडून यापेक्षा जास्त मी आजतागायत ऐकलेलं नाही.

माझा करार वाढला. सर वसंतात निवृत्त होणार होते. त्याआधीच्या एका रविवारी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. पुरणपोळी. बाहेर शून्याच्या खाली, घरात बाहेरच्यापेक्षा जरा बरं एवढंच. माझी लेक कोटाच्या बाह्यांत हात लपवून जपानीत एकच शब्द पुटपुटत होती, “सामुई.” थंडी. सरांनी लगेच तिच्या पानात गरम आमटी ओतली.

मी उठले आणि देव्हाऱ्याशेजारचा रिमोट उचलला.

“नको, नको, बाईसान. जेवा तुम्ही. तो ठेवा.”

“आजींकडे एक नको झालंय, सर. हे दुसरं. संकोचाचं.” आणि मी प्लास्टिक टराटरा फाडलं.

ते पोळी हातात घेऊन तसेच उभे राहिले. “नको हो,” म्हणाले. “तुम्ही जाल निघून. मागं एकट्यासाठी काय ते लावायचं? ती होती तेव्हा लावत होतो.”

हे तिसरं होतं. मला त्यांचा खरंच राग आला होता. सगळ्यांना दाबून दाबून वाढायचं आणि स्वतःच्या पानावर पालथा हात धरून बसायचं, हे किती वर्षं चाललं होतं! आग्रह मला येत नाही, मी पुण्याची. मला जेवढं येत होतं तेवढं मी बोलले. “सर, तुम्ही काहीच घेत नाही. सगळं परत पाठवता. त्याचा मला त्रास होतो.”

सरांनी हातातली पोळी ताटात परत ठेवली. मी एसी लावला आणि पानावर येऊन बसले. खोलीत ऊब यायला बराच वेळ लागला. मग त्यांनी मफलर सोडला आणि टोपी काढून काकूंच्या फोटोशेजारी ठेवली. ऑफिसातले बहुतेक सगळे पैज हरले. टोपीखाली दाट पांढरे केस होते, तेल लावून नीट भांग पाडलेले. एवढी वर्षं रोज सकाळी तो भांग ते कोणासाठी पाडत होते, हे मला तेव्हा कळलं आणि मी पानात बघत राहिले.

तर त्यांनी ते पान रिकामं असल्याचं पाहिलं. मी नको म्हणत होते, हात आडवा धरला होता, तरी हाताच्या खालून त्यांनी पोळी वाढलीच. वर तूप.

मी ती खाल्ली.